झाकणापायी परत बोलावलेले तेल : हिंगण्यातील एका लघुउद्योगाचे प्रकरण

हे प्रकरण नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कौटुंबिक कारखान्याचे आहे. कारखान्याचे, तेलाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. बाटल्यांचे आकडे ओळख पटू नये एवढ्यापुरते बदलले आहेत, परंतु त्यांचे आपसांतील प्रमाण कायम ठेवले आहे. प्रस्तुत लेखक औषधनिर्माणशास्त्राचा अध्यापक असून या प्रकरणात चौथ्या दिवसापासून सल्लागार म्हणून सहभागी होता. त्यामुळे आधीच्या दिवसांची हकीकत कागदपत्रांवरून आणि संबंधितांच्या सांगण्यावरून लिहिली आहे.

पार्श्वभूमी

कारखाना गेली तीस-बत्तीस वर्षे सांधेदुखीचे तेल बनवतो. तिळाच्या तेलात गंधपुरा तेल, कापूर, निलगिरी आणि पुदिन्याचे फूल असे त्याचे घटक आहेत, आणि त्यांतील गंधपुऱ्याचे प्रमाण वजनाने सुमारे 20 टक्के आहे. गुडघ्याला चोळताच जो उष्णपणा आणि जो वास ओळखीचा वाटतो, तो मुख्यतः या गंधपुऱ्याचा, म्हणजे रसायनाच्या भाषेत मिथिल सॅलिसिलेटचा. आयुर्वेदिक औषधाचा परवाना, शेड्यूल टी, म्हणजे आयुर्वेदिक औषधांच्या उत्पादनपद्धतीचे नियम, त्यांप्रमाणे उत्पादनव्यवस्था, बॅचनिहाय नोंदी, लेबलवर ‘फक्त बाह्य वापरासाठी’ हा इशारा, हे सर्व व्यवस्थित होते. कागदपत्रांच्या बाबतीत या कारखान्याला निष्काळजी म्हणता येणार नाही, हे आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढे जे घडले ते निष्काळजीपणातून घडलेले नाही.

तेल 60 मिलिलिटरच्या बाटलीत भरले जाई आणि तिला अंगठ्याने उचकटायचे फ्लिप-टॉप झाकण असे. हे झाकण संस्थापकांनी स्वतः निवडलेले होते. आधीचे आट्यांचे झाकण संधिवाताने बोटे वाकलेल्या गिऱ्हाइकांना फिरवता येत नाही, अशा तक्रारी इतवारीतल्या दुकानदारांकडून येत होत्या. फ्लिप-टॉप आल्यावर त्या थांबल्या आणि खपही वाढला. त्यानंतर झाकण हा विषय खरेदी विभागाकडे गेला तो तिथेच राहिला. खरेदीच्या ऑर्डरमध्ये त्याच्यासाठी एकच ओळ असे : रंग पांढरा, मोजमाप अमुक, नग तमुक. तेलाच्या प्रत्येक घटकाला गुणवत्ता विभागाचे प्रमाणपत्र लागे, झाकणाला मात्र फक्त दर लागे.

निर्यात संस्थापकांच्या धाकट्या मुलाने सुरू केली. न्यू जर्सीतील एका आयातदारामार्फत दोन खेपांत मिळून 4,000 बाटल्या अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विक्रीला लागल्या. त्याच खेपांबरोबर याच कारखान्याचा घट्ट बामही गेला होता. आयातदाराने लेबलांचा मसुदा तीनदा परत पाठवून दुरुस्त करून घेतला, पण झाकणाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

अडचण कशी समोर आली

ऑनलाइन बाजारपेठेची सूचना आयातदाराने पुढे पाठवली ती नेमकी 2025 च्या मारबतीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडगे या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला अर्धे नागपूर रस्त्यावर असते, कारखान्याला सुट्टी होती, आणि मेल कार्यालय उघडल्यावरच वाचला गेला. त्यात म्हटले होते की तेलाची विक्री थांबवली असून 1970 च्या विषबाधा प्रतिबंधक पॅकेजिंग कायद्याप्रमाणे लहान मुलांना न उघडता येणाऱ्या वेष्टनाचा चाचणी अहवाल आणि अनुरूपतेचे, म्हणजे माल नियमाप्रमाणे असल्याचे, प्रमाणपत्र सादर करावे.

पहिले उत्तर चुकीचे गेले. कारखान्यातील मंडळींचा समज असा झाला की बाटली आधीच कोणी उघडली आहे की नाही हे कळण्याची सोय मागितली जात आहे. म्हणून त्यांनी झाकणावर आवळलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे, म्हणजे श्रिंक स्लीव्हचे, स्पष्ट फोटो पाठवले. ही गफलत या व्यवसायात नेहमी दिसते. सील फुटलेले दिसावे म्हणून केलेली व्यवस्था एकदाच उपयोगी पडते; पहिल्यांदा पट्टी फाडल्यानंतर बाटली महिनाभर घरात उघडझाप होत राहते आणि मुलाच्या हाती ती लागते ती याच काळात. फोटो पाठवण्यात आणि त्याला नकार येण्यात आणखी दोन दिवस गेले.

अमेरिकेतील नियम या बाबतीत मोघम नाही. वजनाने 5 टक्क्यांपेक्षा जास्त मिथिल सॅलिसिलेट असलेले कोणतेही द्रव औषध मुलांना उघडायला अवघड अशा वेष्टनातच विकले पाहिजे. अपवाद फक्त दाबाखालील फवाऱ्याच्या डब्यांचा. ‘अवघड’ म्हणजे किती, हेही चाचणीने ठरवलेले आहे. 42 ते 51 महिने वयाच्या 200 मुलांपर्यंतच्या गटाला बंद बाटल्या देतात आणि पाच मिनिटे प्रयत्न करू देतात. नंतर त्यांच्यासमोर बाटली एकदा उघडून दाखवतात, दात वापरले तरी चालतील असे सांगतात, आणि आणखी पाच मिनिटे देतात. दाखवण्यापूर्वी किमान 85 टक्के आणि दाखवल्यानंतरही किमान 80 टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये. हीच बाटली 50 ते 70 वर्षे वयाच्या प्रौढांपैकी 90 टक्क्यांना मात्र उघडता आणि नीट लावता आली पाहिजे. थोडक्यात, कायद्याला न उघडणारी बाटली नको आहे, आजीला उघडणारी आणि नातवाला न उघडणारी बाटली हवी आहे. फ्लिप-टॉप झाकण या चाचणीच्या जवळपासही जात नाही.

संस्थापकांची पहिली प्रतिक्रिया होती की आपले औषध आयुर्वेदिक आहे, हा नियम ॲलोपॅथीसाठी असेल. असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे परवाना, लेबल आणि तपासणी यांची विभागणी त्याच रेषेवर होते. अमेरिकेतील हा नियम पद्धती पाहत नाही, बाटलीत कोणता पदार्थ किती आहे एवढेच पाहतो. याच कारणाने बाम सुटला, कारण मिथिल सॅलिसिलेटचा नियम द्रवापुरता आहे आणि बामाच्या डबीतून मूल एका घोटात काही पिऊ शकत नाही. बामात लिडोकेन हे बधिरता आणणारे औषध असते तर गोष्ट वेगळी झाली असती. एका वेष्टनात 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त लिडोकेन असेल तर औषध द्रव असो की मलम, मुलांपासून सुरक्षित झाकण सक्तीचे आहे.

बाटलीत नेमके किती होते

बैठकीत पहिला तासभर ‘एवढ्याशा तेलाने काय होते’ याच प्रश्नावर गेला, म्हणून हिशेब फळ्यावर मांडला. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये, सुमारे 7 ग्रॅम ॲस्पिरिनच्या तोडीचे सॅलिसिलेट असते. 325 मिलिग्रॅमच्या वीस-एकवीस गोळ्या एकदम पोटात गेल्यासारखे. या कारखान्याच्या तेलात गंधपुरा वजनाने पाचवा हिस्सा आहे, आणि हे मिश्रण शुद्ध गंधपुऱ्याहून हलके आहे. म्हणून त्याच्या एका चमच्यात साडेतीन गोळ्यांइतके, आणि पूर्ण 60 मिलिलिटरच्या बाटलीत चाळीसहून अधिक गोळ्यांइतके सॅलिसिलेट निघते. शरीराच्या दर किलो वजनामागे 150 मिलिग्रॅमच्या पुढे सॅलिसिलेटची विषबाधा सुरू होते असे मानले जाते आणि 500 च्या पुढे ती जीवघेणी ठरू शकते. दहा किलोच्या मुलाने दोन चमचे गिळले तर पहिली मर्यादा ओलांडली जाते. त्याशिवाय तेलात 5 टक्के कापूर होता. किलोमागे 30 मिलिग्रॅमहून अधिक कापूर पोटात गेल्यास मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे असा वैद्यकीय संकेत आहे, कारण कापराने काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. दहा किलोच्या मुलासाठी या बाटलीचा सव्वा चमचा त्या मर्यादेपर्यंत पोचतो.

हिशेब मांडून झाल्यावर खोलीत कोणी बोलले नाही. गुणवत्ता विभागाच्या बाईंनी तेवढे विचारले की हा हिशेब आपण आजवर का मांडला नाही. त्याचे उत्तर बाटलीवरच छापलेले होते. ‘बाह्य वापरासाठी’ असे एकदा लिहिले की पोटात गेल्यास काय होईल हा प्रश्न विचारण्याची सवयच राहत नाही.

नोंदवहीतला फोन

या प्रकरणातील सर्वांत कठीण निर्णय तेलाबद्दलचा नव्हता, एका नोंदीबद्दलचा होता. तक्रारवही चाळताना दोन वर्षांपूर्वीची एक नोंद सापडली. नागपुरातल्याच एका आईने फोन करून सांगितले होते की पावणेदोन वर्षांच्या मुलीच्या हातात तेलाची उघडी बाटली आणि तोंडाला तेल लागलेले दिसले, मुलीला उलट्या झाल्या, रुग्णालयात एक रात्र ठेवावे लागले आणि आता ती बरी आहे. तेलात काय-काय आहे एवढेच तिला विचारायचे होते. वहीत प्रकार म्हणून ‘गैरवापर’ आणि कार्यवाही म्हणून ‘आवश्यक नाही’ असे लिहिलेले होते.

झाकणाचा हा नियम राबवणाऱ्या अमेरिकेतील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे द्यायच्या माहितीत देशाबाहेर घडलेल्या घटनाही सांगाव्या लागतात. कळवण्याची मुदत, अहवालयोग्य माहिती हाती आल्यापासून, 24 तासांची असते. माहिती तशी आहे की नाही याबद्दल शंका असेल तर चौकशीसाठी दहा कामकाजाचे दिवस मिळतात. संस्थापकांचे म्हणणे होते की मुलगी बरी झाली, घटना नागपूरची आहे, तिथल्या झाकणाच्या कायद्याशी तिचा संबंध नाही, आणि आपण होऊन ती सांगणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे. धाकट्या मुलाचे म्हणणे थोडक्यात असे होते : ‘बाबा, बाटली तीच आहे.’

लेखकाने त्या वेळी सांगण्याच्या बाजूने मत दिले, त्याचे कारण कायदेशीर होते तितकेच व्यावहारिकही होते. नोंद वहीत होती. ती सोडून दिलेला अहवाल पुढे कधीही खोटा ठरला असता. शेवटी ती घटना नाव-पत्ता न देता अहवालात घातली गेली. ‘गैरवापर’ हा शब्द मात्र मसुद्यातून काढावा लागला. दीड-दोन वर्षांचे मूल कशाचाही गैरवापर करत नसते, ते हाताला लागेल ते तोंडात घालते.

समोर असलेले पर्याय

आयातदाराकडे आणि ऑनलाइन बाजारपेठेच्या गोदामात मिळून 1,400 बाटल्या शिल्लक होत्या, तर 2,600 बाटल्या घरोघर गेलेल्या होत्या. शिल्लक मालाचा प्रश्न आणि विकलेल्या मालाचा प्रश्न वेगळे आहेत, हे लक्षात यायला वेळ लागला. सुरुवातीच्या चर्चेत सगळे पर्याय पुढच्या मालाचेच होते : गंधपुरा 5 टक्क्यांवर आणावा का, फवाऱ्याच्या डब्यात भरावे का, की संधिवाताच्या वृद्ध गिऱ्हाइकांसाठी कायद्यात जी सूट आहे ती घ्यावी. ही सूट खरोखर आहे. दुकानात थेट मिळणाऱ्या औषधाचा एक आकार साध्या झाकणात विकता येतो, परंतु त्यावर ‘लहान मुले नसलेल्या घरांसाठी’ असे ठळक लिहावे लागते आणि तेच औषध सुरक्षित वेष्टनातही बाजारात उपलब्ध असावे लागते. कारखान्याकडे सुरक्षित वेष्टनाची बाटलीच नव्हती, त्यामुळे सूट निरुपयोगी ठरली.

विकलेल्या बाटल्यांसाठी सर्वांना आवडलेला पर्याय म्हणजे गिऱ्हाइकांना टपालाने नवे झाकण पाठवणे. त्यात तेल वाया जात नाही, पैसे परत द्यावे लागत नाहीत, आणि ‘औषध चांगले आहे, फक्त झाकण बदला’ असे सांगता येते. चार दिवस या पर्यायावर काम झाले आणि तो आट्यांवर अडला. बाटलीचा गळा 24 मिलिमीटरचा होता आणि दाबून फिरवायची सीआरसी, म्हणजे मुलांना न उघडता येणारी, झाकणेही 24 मिलिमीटरची मिळत होती. परंतु बाटलीचे आटे 410 प्रकारचे, म्हणजे दीड वेढ्याचे होते, आणि झाकणाचे 400 प्रकारचे, म्हणजे एका वेढ्याचे. झाकण बसल्यासारखे दिसे, ‘टक’ आवाजही येई, पण कारखान्यातल्या एका कामगाराने ते न दाबता नुसते तिरके ओढून काढून दाखवले. वापरलेल्या बाटलीच्या तेलकट गळ्यावर तर ते आणखी सैल राही.

जुळणारे झाकण मिळाले असते तरी प्रश्न सुटला नसता. चाचणी झाकणाची नसते, ती झाकण आणि बाटली यांच्या जोडीची असते, आणि ती बाटली संपेपर्यंत जितक्या वेळा उघडली-लावली जाईल तितक्या वेळा ही जोडी टिकली पाहिजे. दुसऱ्या बाटलीसोबत उत्तीर्ण झालेले झाकण या बाटलीवर बसवून त्याचेच प्रमाणपत्र दाखवणे चुकीचे झाले असते. झाकण पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला हा मुद्दा पटवून देण्यात बराच वेळ गेला. त्याच्या लेखी त्याच्याकडे ‘सर्टिफिकेटवाले झाकण’ होते आणि विषय संपला होता.

राहिला पैसे परत देण्याचा पर्याय. त्यासोबत आणखी एक प्रस्ताव आला, जो संस्थापकांनी अगदी सहजपणे मांडला : तिथल्या 1,400 बाटल्या परत मागवाव्यात आणि विदर्भात विकाव्यात. इथे असे झाकण सक्तीचे नाही, औषधात दोष नाही, मुदत दीड वर्षाची बाकी आहे. हिशेबाने पाहता यात चूक काढणे अवघड होते. परत बोलावलेला माल विकणे अमेरिकेत बेकायदा आहे आणि तो देशाबाहेर पाठवायचा तर आयोगाला आधी कळवावे लागते. ही अडचण सांगितल्यावर प्रस्ताव मागे पडला. तो केवळ कागदी अडचणीमुळे मागे पडला, ही गोष्ट लेखकाला तेव्हाही खटकली होती.

काय केले

अमेरिकेच्या बाजूने निर्णय झाल्यावर कामे वेगाने झाली. आयात मालाच्या बाबतीत अनुरूपतेचे प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी आयातदाराची असते, त्यामुळे अहवाल त्याने दाखल केला आणि कारखान्याने घटकांचे प्रमाण, बॅच क्रमांक, विक्रीच्या नोंदी आणि ती घटना अशी माहिती पुरवली. आयोगाकडे एक जलद प्रक्रिया आहे. कंपनीने स्वतःहून विक्री थांबवून वीस कामकाजाच्या दिवसांत परत बोलावण्याची कारवाई सुरू केली, तर उत्पादन धोकादायक आहे असा प्राथमिक निष्कर्ष आयोगाचे अधिकारी काढत नाहीत. तोच मार्ग निवडला गेला.

जाहीर सूचनेचा पहिला मसुदा ‘आमचे तेल शुद्ध व सुरक्षित असून’ या शब्दांनी सुरू होत होता. तो बदलावा लागला. अशा सूचनेत पहिले वाक्य पालकाने काय करायचे याचे असावे लागते : बाटली ताबडतोब मुलांच्या नजरेआड आणि हाताबाहेर ठेवा, वापर थांबवा, संपर्क साधा. ऑनलाइन विक्रीमुळे गिऱ्हाइकांचे ईमेल उपलब्ध होते, म्हणून प्रत्येकाला थेट कळवता आले. बाटली परत पाठवण्याची अट ठेवली नाही, कारण गळकी बाटली टपालात टाकणे हा आणखी एक धोका होता. तेल टाकून दिल्याचा फोटो पाठवल्यावर पूर्ण रक्कम परत, अशी व्यवस्था केली. गोदामातील 1,400 बाटल्या तिथेच नष्ट करण्यात आल्या.

नागपुरातला साठा

अमेरिकेतील काम सुरळीत चालले असताना गुणवत्ता विभागाच्या बाईंनी आपल्या बाजारातील मालाचे काय, हा प्रश्न बैठकीच्या विषयपत्रिकेवर घातला.

आपल्याकडे घरगुती वापराच्या अशा तेलांना मुलांपासून सुरक्षित झाकणाची सर्वसाधारण सक्ती नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत सदोष औषधे परत बोलावण्याचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाला 24 ते 72 तास, दुसऱ्याला दहा दिवस आणि तिसऱ्याला तीस दिवस. पण ज्या झाकणाची सक्तीच नाही ते नसणे हा दोष कोणत्या वर्गात बसवायचा? कायद्याच्या नजरेने बाटली निर्दोष होती. आपल्याकडे गोळ्या बहुधा पट्टीत येतात आणि एकेक फोडून काढाव्या लागतात, त्यामुळे गोळ्यांच्या बाबतीत मुलांना थोडाफार अडथळा आपोआप होतो. तेलाच्या बाटलीला तो अडथळाही नाही. शिवाय ही बाटली ज्या घरात असते त्या घराची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते : गुडघे दुखणाऱ्या आजी, वर हात जात नाही म्हणून अंथरुणाशेजारच्या खालच्या फळीवर ठेवलेले तेल, आणि त्याच खोलीत रांगणारे नातवंड. ज्याला औषध हवे आणि ज्याला ते धोक्याचे, अशी दोन्ही माणसे एकाच उंचीवर वावरत असतात.

पूर्ण माल परत बोलावण्याचा खर्च काढला तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. गांधीबागच्या औषधबाजारातील घाऊक विक्रेत्यांकडच्या मालाचा बॅचनिहाय हिशेब मिळत होता. तिथून पुढे किराणा दुकाने, पानठेले आणि तालुक्याच्या बाजारांत गेलेल्या मालाचा मात्र काहीच माग नव्हता, कारण त्या बिलांवर बॅच क्रमांकच नसतो. दहा समुद्रांपलीकडची बाटली कोणाच्या घरात आहे हे ईमेल पत्त्यासह माहीत होते आणि काटोल-उमरेडला गेलेली बाटली कोणत्या दुकानात आहे हे माहीत नव्हते.

मधला मार्ग काढला गेला. कारखान्यात आणि घाऊक विक्रेत्यांकडे असलेला माल परत घेऊन प्रत्येक बाटलीच्या तोंडात थेंब-थेंब तेल सोडणारी छिद्राची आतली डट्टी बसवायची. तिच्यामुळे बाटली मुलांना न उघडणारी होत नाही, पण एका घोटात चमचा-दोन चमचे तेल तोंडात जाणे कठीण होते. किरकोळ दुकानांतला माल परत न बोलावता दुकानदारांना मराठी आणि हिंदीत एक पत्रक द्यायचे, असे ठरले.

पत्रक छापून तयार झाले आणि त्याच सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये, छिंदवाडा जिल्ह्यातील मुले खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होऊ लागली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले आणि अनेक मुले दगावली. ते प्रकरण औषधाच्या आतल्या भेसळीचे होते, झाकणाशी त्याचा काही संबंध नव्हता. परंतु त्या आठवड्यांत नागपुरात ‘औषध’, ‘मूल’ आणि ‘परत बोलावणे’ हे शब्द एकत्र उच्चारणे म्हणजे काय, हे संस्थापकांना वेगळे सांगावे लागले नाही. त्यांनी पत्रके वाटणे थांबवले. ‘वातावरण निवळू द्या’ असे ठरले, आणि ती पेटी कार्यालयात तशीच राहिली.

निष्पत्ती

अमेरिकेत चार महिन्यांत 2,600 पैकी सुमारे 310 गिऱ्हाइकांनी पैसे परत मागितले. म्हणजे दहातल्या जवळपास नऊ जणांनी उत्तरच दिले नाही. काहींचे तेल संपले असेल, काहींनी मेल उघडला नसेल, काहींना एका बाटलीसाठी फोटो काढण्याचा त्रास नको असेल. त्या बाटल्यांनी कोणाला इजा झाल्याचे आजवर कळलेले नाही. कारखान्याला एकूण तोटा दोन्ही खेपांच्या नफ्याच्या कितीतरी पट झाला आणि निर्यात हे लिहीपर्यंत पुन्हा सुरू झालेली नाही.

नवी बाटली निवडताना झाकण आणि बाटली एकत्र चाचणी झालेली जोडी घेण्यात आली. झाकणाचा खर्च जवळपास चौपट झाला. देशांतर्गत विक्रीसाठीही तीच बाटली वापरावी, असा धाकट्या मुलाचा आग्रह आहे. संस्थापकांनी ती आपल्या थोरल्या बहिणीकडे दिली. त्यांची बोटे संधिवाताने वाकलेली आहेत. त्यांना पहिल्या दिवशी ती उघडता आली नाही, तिसऱ्या दिवशी जमली, आणि आठवड्याने त्यांनी झाकण अर्धवटच लावून ठेवलेले सापडले. हा अनुभव एकट्याचा नाही. झाकण जितके त्रासाचे, तितके ते उघडे राहण्याची शक्यता जास्त, आणि उघड्या सुरक्षित झाकणाचा उपयोग फ्लिप-टॉपइतकाही नाही. म्हणूनच चाचणीत प्रौढांचा गट असतो.

वेगळे काय करता आले असते

निर्यातीपूर्वी प्रत्येक घटकासाठी ‘हा मुलाच्या पोटात गेला तर किती घातक’ हा हिशेब मांडला असता तर गंधपुऱ्याचा आकडा तेव्हाच नजरेत भरला असता. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, अर्ध्या तासाचे अंकगणित पुरते. हे काम आयातदाराचे की कारखान्याचे, या वादात लेखकाला फारसे स्वारस्य नाही. प्रमाणपत्र देण्याची कायदेशीर जबाबदारी आयातदाराची असली तरी तेलात काय आहे हे सर्वांत आधी माहीत होते कारखान्याला.

श्रिंक स्लीव्हचे फोटो पाठवण्यात गेलेले दिवस टाळता आले असते. मेल समजला नाही तर तो समजून घेणारा माणूस आधी शोधायला हवा होता. टपालाने झाकण पाठवण्याच्या पर्यायावर खर्ची पडलेले चार दिवस मात्र वाया गेले असे म्हणता येत नाही, कारण आट्यांचा घोळ त्या वेळी लक्षात आला नसता तर सैल झाकणे लोकांच्या घरी गेली असती.

तक्रारवहीच्या बाबतीत चूक अधिक जुनी आहे. ‘गैरवापर’ या रकान्यात टाकलेली नोंद पुन्हा कोणी वाचत नाही. आता तिथे मूल, वय, किती तेल गेले असावे, बाटली कशी उघडली गेली, असे वेगळे रकाने आहेत, आणि अशी नोंद झाल्यास ती त्याच दिवशी गुणवत्ता विभागाकडे जाते. नव्या लेबलवर घटकांच्या प्रमाणासोबत दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक छापला आहे. त्या आईने फोन केला तेव्हा कारखान्याला हा क्रमांक तिला सांगता यायला हवा होता.

आणि पत्रके. ती न वाटण्याचा निर्णय लेखकाला त्या वेळी समजण्यासारखा वाटला आणि त्याने जोरकस विरोध केला नाही, ही त्याची स्वतःची चूक म्हणून नोंदवलेली बरी. लोक औषधांबद्दल घाबरलेले असताना बाटली वरच्या फळीवर ठेवा एवढेच सांगणारे पत्रक त्यांनी बहुधा अधिक लक्षपूर्वक वाचले असते. ती पेटी फेब्रुवारीत उघडली गेली आणि पत्रके गांधीबागेतून पुढे दुकानांपर्यंत गेली. त्यांतली किती गिऱ्हाइकांच्या हाती पडली याची मोजदाद करण्याची सोय अजून नाही. घाऊक विक्रेत्यांनी बिलावर बॅच क्रमांक लिहावा म्हणून दीड टक्का जादा कमिशन देण्याचा प्रस्ताव सध्या विचाराधीन आहे, आणि तीन विक्रेत्यांनी त्याला होकार दिला आहे.